मार्चमध्ये बोरेगो स्प्रिंग्ज: फुलांसाठी तारीख कशी ठरवायची?

धरमपेठकर: मुलगी सॅन डिएगोला असते. आम्ही दोघं मार्चभर तिच्याकडे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली फुलं बघायला बोरेगो स्प्रिंग्जला जायचंय. हॉटेल आत्ताच घ्यावं का? हिच्या गुडघ्यांमुळे फार चालणं नको.

संत्रानगरी: काका, घ्या, पण फुकट रद्द होणारंच. फुलं साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, पण सगळा खेळ पावसाचा. बी रुजायला हिवाळ्याच्या तोंडाशी एक दमदार पाऊस, साधारण २५ मिमी, आणि मग मधूनमधून सरी लागतात. एवढं होऊनही कोरडा वारा सुटला की रोपं आठवड्यात वाळतात. कधी स्फिंक्स पतंगाच्या अळ्याच शेतंच्या शेतं फस्त करतात. २०१७ आणि २०१९ चे फोटो बघून जाल तर निराश व्हाल, तसा बहर दरवर्षी नसतो. थिओडोर पेन फाउंडेशन ही तिथली रानफुलांची संस्था मार्चपासून दर आठवड्याला कुठे काय फुललंय ते सांगतं. ते ऐकून दोन दिवस आधी ठरवा. शनिवार-रविवार टाळाच. बहराच्या वर्षी त्या चिमुकल्या गावात गाड्यांची रांग लागते.

बर्डीवाला: सॅन डिएगोहून दोन तास धरा. शेवटी एस-२२ रस्ता रांचिताहून तीन हजार फुटांपेक्षा जास्त खाली उतरतो. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालचा गिअर टाका. पेट्रोल सॅन डिएगोतच भरा, पुढे पंप कमी आणि महाग. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, गावाबाहेर नेटवर्क जातं.

गुडघ्यांसाठी हेंडरसन कॅन्यन रोड उत्तम, गाडीतून उतरलं की फुलं समोर. वाळूत जांभळी सँड व्हर्बिना, पिवळी डेझर्ट सनफ्लॉवर. पांढरी इव्हनिंग प्रिमरोज संध्याकाळी उमलते आणि ऊन चढलं की मान टाकते, म्हणून सकाळी नऊच्या आत पोचा. मुक्काम गावात करायचा तो यासाठीच. बोरेगो पाम कॅन्यनची वाट जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर, दगडगोट्यांची, ताईंना नको. त्यापेक्षा गॅलेटा मेडोजमधले लोखंडी पुतळे बघा, रस्ता ओलांडणारा नाग तर बघाच.

धरमपेठकर: छान! फुलांमध्ये बसून फोटो काढले तर चालतात ना?

संत्रानगरी: नका बसू. पायाखाली आलेलं रोप बी धरत नाही, मग पुढच्या वर्षी तिथे उगवणार काय? गावाभोवतीचं रान म्हणजे अँझा-बोरेगो स्टेट पार्क, तिथे फूल तोडायलाही बंदी आहे. वाटेच्या कडेला उभं राहून कॅमेरा जमिनीलगत धरा, रान भरलेलं दिसतं. गाडीही डांबरावरून मऊ वाळूत उतरवू नका, साधी गाडी चाकापर्यंत रुतते.

बर्डीवाला: आणखी दोन. हवा आपल्या नागपूरच्या जानेवारीसारखी, दिवसा ऊन, रात्री स्वेटर. पण कोरडी, त्यामुळे घाम कळत नाही; माणशी चार लिटर पाणी गाडीत हवंच. आणि खिशात एक कंगवा ठेवा. चोया निवडुंगाचा गोळा नुसत्या स्पर्शाने कपड्याला किंवा कातडीला चिकटतो. हाताने ओढाल तर बोटांत रुततो. कंगवा गोळ्याखाली सरकवायचा आणि झटक्यात उडवायचा, समोर कोणी उभं नाही ना ते बघून.