सर्टिफिकेशन आधी की अनुभव?
सिस्टम अ‍ॅडमिनच्या (कंपनीचे सर्व्हर सांभाळायच्या) कामात विंडोजवरून लिनक्सकडे जाताना आधी सर्टिफिकेट घ्यावं की थेट कामाला लागावं, असा प्रश्न असेल तर एक सांगतो. सगळी सर्टिफिकेशन्स एकाच माळेचे मणी समजू नका, रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचे प्रश्नच नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवायचं आणि रीबूटनंतरही सेटिंग टिकलं पाहिजे, नाहीतर मार्क गेले. म्हणजे तयारी हातानंच करावी लागते. व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, आभासी कॉम्प्युटर) टाका, एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलमध्ये, मुद्दाम चुकीचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) लिहून रीबूट करा, मशीन नीट सुरू न होता दुरुस्तीपुरत्या इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल, आता काढा तिथून बाहेर! असं झगडून शिकलेला माणूस इंटरव्ह्यूत लगेच कळतो. आणि विंडोजचं शिकलेलं वाया जात नाही हो, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था) तेच, लॉग वाचायची सवय तीच, फक्त लॉग बघायला विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरऐवजी लिनक्सची जर्नलसीटीएल कमांड.