परप्रांतीय, उपरे की निर्वासित? तैवानच्या 'वायशंगरन'ला मराठीत काय म्हणावं?

शाईपेन
दिवाळी अंकासाठी तैवानच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि एका शब्दापाशी अडलेय. दुसरं महायुद्ध संपल्यावर, आणि मुख्यतः १९४९ साली चीनचा सत्ताधारी च्यांग काय-शेक कम्युनिस्टांकडून हरून सरकारसकट बेटावर आल्यावर, चीनमधून दहा लाखांहून जास्त माणसं तैवानात आली. सैनिक, कारकून, मास्तर, त्यांची बायकापोरं. त्यांना तिथे 'वायशंगरन' म्हणतात. वाय म्हणजे बाहेर, शंग म्हणजे प्रांत, रन म्हणजे माणूस. त्याआधीच्या तीनेकशे वर्षांत चीनच्या फूच्येन आणि क्वांगतुंग प्रांतांतून येऊन बेटावर स्थायिक झालेल्यांचे वंशज ते 'बनशंगरन', म्हणजे या प्रांतातले.

मी सरळ 'परप्रांतीय' लिहिलं. संपादकांनी सगळीकडे खोडून 'चिनी' केलं. म्हणाले, परप्रांतीय वाचलं की वाचक दादर स्टेशनात पोचतो. पण दोन्ही बाजू वंशाने चिनीच आहेत, मग लेखाचा अर्थच जातो. अडलेलं वाक्य: '२८ फेब्रुवारी १९४७ नंतर जमाव वायशंगरन शोधून शोधून मारू लागला.' काय लिहू?

चौकस
परप्रांतीयच ठेवा. दुसऱ्या प्रांतातला तो परप्रांतीय, कोशात दुसरा अर्थ नाही. शब्दाला राजकारणाचा वास लागला म्हणून टाकायचा झाला तर उद्या 'अस्मिता' टाका, परवा 'सेना' टाका.

वसईकर
चौकस, वास राहू द्या, शब्दाला उतार असतो त्याचं काय? मराठीत परप्रांतीय म्हणजे पोटासाठी आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा, ज्याला 'परत जा' म्हणून दरडावता येतं असा माणूस. १९४७ च्या तैवानात चित्र नेमकं उलटं होतं. गव्हर्नर चन यी बाहेरचा, त्याचे अधिकारी बाहेरचे, वरच्या जागा बाहेरच्यांना. १९४५ पर्यंतच्या जपानी अमदानीत शिकलेला स्थानिक बेकार. तंबाखूची मक्तेदारी सरकारकडे. २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी तैपेईत त्या मक्तेदारी खात्याच्या माणसांनी चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका विधवेचा माल आणि पैसे हिसकावले, पिस्तुलाचा दस्ता तिच्या डोक्यात घातला. गर्दी अंगावर आली म्हणून गोळी झाडली, त्यात एक बघ्या मेला. दुसऱ्या दिवशी मोर्चा गव्हर्नरच्या कचेरीवर गेला तर पहारेकऱ्यांनी गोळीबार केला. मग ८ मार्चला चीनहून सरकारी फौजेची कुमक कीलुंग बंदरात उतरली, आणि पुढे जे झालं त्यात १८ ते २८ हजार माणसं मेली असावीत असा अंदाज सरकारनेच नेमलेल्या अभ्यासगटाने १९९२ साली दिला.

आता सांगा, ज्याच्या हातात कचेरी, बंदूक आणि मक्ता तिन्ही आहे त्याला परप्रांतीय म्हणायचं?

चौकस
म्हणायचं. प्रांत बाहेरचा आहे ना? सत्ता कुणाकडे ते पुढच्या वाक्यात सांगा. एका शब्दाने सगळा इतिहास वाहावा ही अपेक्षाच चूक.

अक्षरधन
'पर' या उपसर्गातच परकेपणा आहे, त्यामुळे हा सगळा गोंधळ. 'अन्यप्रांतीय' हा निर्दोष शब्द उपलब्ध असताना त्याकडे कुणाचं लक्ष नाही. किंवा 'बहिःप्रांतीय'.

वसईकर
जमाव 'बहिःप्रांतीय' शोधून मारू लागला. वा!

अक्षरधन
हसण्यासारखं काय आहे? विसर्ग उच्चारता येत नसेल तर तो भाषेचा दोष नव्हे.

रानभूल
वसईकर, तुमचा उतार १९४७ पुरता बरोबर आहे. पण १९४९ नंतर आलेले सगळे साहेब नव्हते. पुष्कळसे फौजेतले साधे शिपाई, काही तर गावातून पकडून भरती केलेले. आज ना उद्या चीन परत जिंकायचाच आहे, म्हणून खालच्या हुद्द्यावरच्यांच्या लग्नावर बंधनं घातलेली. जिंकल्यावर जमीन मिळेल असे कागद हातात दिलेले. म्हातारपणी ना जमीन ना बायको.

१९८२ चं ली श-खचं प्रकरण वाचा. चीनच्या शानतुंग प्रांतातून आलेला निवृत्त शिपाई, तैपेईत टॅक्सी चालवायचा. १४ एप्रिलला त्याने लँड बँकेच्या कूथिंग शाखेत बंदूक घेऊन ५३ लाख तैवानी डॉलर लुटले. तिथला पहिला सशस्त्र बँक दरोडा म्हणून त्याची नोंद आहे. पोलिसांनी धरला भलताच माणूस, वांग यिंग-श्येन. तोही जुना शिपाई, तोही टॅक्सीवाला. मारून मारून कबुली घेतली, मुद्देमाल दाखव म्हणून बाहेर नेलं, तेव्हा त्याने नदीत उडी टाकून जीव दिला. खरा दरोडेखोर त्याच दिवशी सापडला. त्या मृत्यूमुळे फौजदारी प्रक्रियेचा कायदा बदलला आणि तपास चालू असतानाच वकील देण्याचा हक्क संशयिताला मिळाला. त्या दुरुस्तीला तिथे अजून वांगच्या नावानेच ओळखतात.

एकटा, बिनघरचा, टॅक्सीवाला, संशय आला की पहिला उचलायचा तो. आता तुमचा मराठी 'परप्रांतीय' शोभतो की नाही?

वसईकर
शोभतो. पण मग एकाच शब्दाला १९४७ मध्ये एक मराठी शब्द आणि १९८२ मध्ये दुसरा द्यावा लागेल.

रानभूल
द्या की. तिथेही शब्द एकच राहिला आणि माणसं बदलली.

कॅम्प_पाच
मी उल्हासनगरचा. घरात सिंधी, बाहेर मराठी. ही सगळी चर्चा वाचताना मला आश्चर्य वाटतंय की 'निर्वासित' हा शब्द कुणाला सुचला नाही. त्या शिपायांच्या कुटुंबांसाठी सरकारने वसाहती बांधल्या होत्या, 'च्वेनत्सुन' म्हणतात त्यांना. भिंतीला भिंत, एका गल्लीत चार प्रांतांच्या बोली, चार प्रकारची लोणची. हे आम्हाला समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आमच्या आजोबांना परत जायचं नाही हे पहिल्या वर्षीच कळलं होतं, त्यांना सरकार चाळीस वर्षं 'उद्या जाऊ' सांगत राहिलं.

१९८७ साली हे म्हातारे शिपाई रस्त्यावर उतरले. सदऱ्यावर पुढे दोनच अक्षरं, 'श्यांग च्या'. घरची आठवण येते. मार्शल लॉ उठला त्याच वर्षी जुलैत, आणि नोव्हेंबरपासून नातेवाइकांना भेटायला चीनला जायची परवानगी मिळाली. जाऊन बघतात तर कुणाची आई गेलेली, कुणाच्या बायकोने दुसरं घर मांडलेलं.

चौकस
निर्वासित नाही चालणार. निर्वासित सरकार घेऊन येत नाहीत.

कॅम्प_पाच
सरकार शिपाई घेऊन आलं होतं, शिपाई सरकार घेऊन नव्हे. आणि तसा 'निर्वासित' आमच्याही लोकांना आवडायचा नाही. 'पुरुषार्थी' म्हणा म्हणायचे. तो शब्द कुणी वापरला नाही ते सोडा.

शाईपेन
सगळ्यांचे आभार, पण मला त्या एका वाक्यात एकच शब्द हवाय. 'मुख्यभूमीवाले' कसं वाटतं? आणि समोरच्यांना 'भूमिपुत्र'?

मांडवीकाठ
भूमिपुत्र तर अजिबात नको! गोव्यात २०२१ साली या शब्दावरून काय झालं ते आठवा. तीस वर्षं गोव्यात राहणाऱ्याला 'भूमिपुत्र' ठरवणारं विधेयक विधानसभेत मंजूर झालं, आणि सगळ्यात मोठा आक्षेप आदिवासी समाजाचा आला की भूमिपुत्र आम्ही, हा शब्द दुसऱ्याला वाटायचा नाही. मुख्यमंत्र्यांना शब्द मागे घेतो म्हणावं लागलं.

तैवानात हाच प्रश्न आहे. बनशंगरन म्हणजे 'या प्रांतातले' म्हणून तुम्ही त्यांना भूमिपुत्र केलंत, मग त्यांच्या आधी हजारो वर्षं त्या बेटावर असलेले आमीस, पायवान, अतायाल या जमाती कुठे जाणार? त्यांच्या दृष्टीने दोघेही भायलेच. एक बोटीने आधी आला, एक नंतर.

रानभूल
मांडवीकाठ, याच्यावर वेगळी चर्चा होऊ शकते. या जमातींना चीनच्या छिंग राजवटीत 'कच्चे रानटी' आणि 'शिजलेले रानटी' म्हणत. शिजलेले म्हणजे कर भरणारे, चिनी चालीरीती घेतलेले. जपान्यांनी 'ताकासागो' केलं. च्यांगच्या सरकारने 'शानपाओ' केलं, म्हणजे डोंगरातले बांधव. आपल्याकडच्या सरकारी भाषेतला 'गिरिजन'च जणू. १९८४ पासून त्यांनी स्वतःच्या नावासाठी चळवळ केली, आणि १ ऑगस्ट १९९४ ला 'युआनचूमिन', मूळचे रहिवासी, हा शब्द घटनेत गेला. तो दिवस आता तिथे साजरा होतो.

अक्षरधन
म्हणजे 'वनवासी'.

रानभूल
नाही. नेमकं 'वनवासी' नाही. डोंगरात राहतो म्हणून डोंगरी, हे नाव नाकारण्यासाठीच दहा वर्षं भांडले ते. 'आदिवासी' म्हणा किंवा 'मूलनिवासी'.

अक्षरधन
'मूलनिवासी' या शब्दामागे कोणतं राजकारण आहे ते सर्वांना ठाऊक आहे.

चौकस
आणि 'वनवासी'मागे नाही? इथे कुठलाही शब्द उचला, खाली एक पक्ष सापडतो.

वसईकर
विषय तैवान. पुढे चला.

कोनाडा
एक गंमत. १९४५-४७ च्या सुमारास स्थानिक लोक चीनहून आलेल्यांना 'आशान' म्हणायचे. शान म्हणजे डोंगर. आणि जे मूळचे तैवानी पण चीनमध्ये राहून नव्या सरकारबरोबर परतले ते 'बानशान', अर्धे डोंगरी. मला तर हे वाचून थेट 'घाटी' आठवलं! घाटावरून आलेला तो घाटी, डोंगराकडून आलेला तो आशान. शाईपेन, 'घाटी' वापरा.

रानभूल
आशानमधला 'शान' डोंगराचा नाही हो. तैवानी लोक चीनला जुन्या काळापासून 'तंगशान' म्हणायचे, त्यातला तो शान. तंगशानहून आलेला म्हणून आशान.

कोनाडा
तंगशानमधला शान म्हणजे काय मग? डोंगरच ना. फिरून घाटावरच आलो.

मांडवीकाठ
आम्ही घांटी म्हणतो आणि कौतुकाने म्हणत नाही. दिवाळी अंकात छापू नका.

चौकस
मूळ मुद्द्यावर एक भर. 'प्रांत' हा शब्द सोडता येणार नाही, कारण तो बोलीतला नव्हता, कागदावरचा होता. १९९२ पर्यंत तिथल्या ओळखपत्रावर बापाकडून आलेला मूळ प्रांत छापत. तैपेईत जन्मलेलं पोर कागदोपत्री हुनानचं. आपल्याकडे गिरगावात जन्मलेला माणूस गाव विचारलं की संगमेश्वर सांगतो तसं, फक्त इथे सरकार सांगायचं. पुढे तो रकाना काढून जन्मस्थान लिहू लागले. म्हणून 'मुख्यभूमीवाले' नको. प्रांत पाहिजे.

वसईकर
आणि तो प्रांतच वादाचा आहे. 'या प्रांतातला, बाहेरच्या प्रांतातला' म्हणताना तैवान हा चीनचा एक प्रांत हे गृहीत धरलेलं. छापताना तुम्ही नकळत एका बाजूला सही करताय.

चौकस
शब्द त्यांनीच वापरलाय, सही त्यांची.

कोनाडा
बाकी लोक बोलताना प्रांतबिंत म्हणत नाहीतच. बाहेरचा तो 'अळकुडी' आणि स्थानिक तो 'रताळं'! बेटाचा नकाशा रताळ्यासारखा दिसतो म्हणून. एकट्या म्हाताऱ्या शिपायाला 'जुनी अळकुडी' म्हणतात, आणि बाप शिपाई, आई स्थानिक असं पोर म्हणजे 'अळकुडी-रताळं'.

शाईपेन
हे लेखात आहे! पण मराठीत 'आम्ही रताळी' असं कुणी अभिमानाने म्हटलं तर वाचक फिस्सकन हसेल. शाळेत मास्तर 'अरे रताळ्या' म्हणून पट्टी काढायचे.

कोनाडा
हसू द्या. त्यांची म्हण ऐका: रताळं मातीत कुजायला भीत नाही, फांद्या-पानं पिढ्यान्‌पिढ्या पसरली म्हणजे झालं. यात हसण्यासारखं काही नाही.

मांडवीकाठ
अळकुडी कोण म्हणतं आता? आमच्याकडे माडी. रताळ्यांना कणगां.

कॅम्प_पाच
बाजारात अरवी म्हटल्याशिवाय भाजीवाला देत नाही.

अक्षरधन
अरवी हिंदी आहे. मराठी शब्द अळकुडीच. आणि रताळं हे रक्तालु या संस्कृत शब्दापासून, म्हणजे आपलं प्राचीन कंदमूळ.

रानभूल
शब्द प्राचीन असेल, कंद नाही. रताळं अमेरिकेतून आलं. रक्तालु हे आधी दुसऱ्याच कुठल्या तांबड्या कंदाचं नाव असणार, नंतर ते या पाहुण्याला चिकटलं. तैवानात तर आणखी मजा आहे. रताळ्याला चिनीत 'फानशू' म्हणतात आणि फान म्हणजे परका, रानटी. म्हणजे स्थानिकांची खूण असलेला कंद नावानेच परका, आणि बाहेरच्यांची खूण असलेली अळकुडी तिथले आदिवासी हजारो वर्षं लावतायत. तैवानजवळच्या लान्यू बेटावरच्या ताओ लोकांचं तर तेच मुख्य अन्न.

वसईकर
मग भूमिपुत्र अळकुडी ठरली!

अक्षरधन
रताळं अमेरिकेतून आलं याला आधार काय? एकादशीला चालतं. परदेशी वस्तू उपवासाला चालली असती का?

कोनाडा
साबुदाणा कुठला मग? बटाटा?

रानभूल
बटाट्याचं तर विचारूच नका. 'बताता' हे कॅरिबियन बेटांवर रताळ्याचं नाव होतं. पोर्तुगीजांनी ते उचललं आणि दुसऱ्याच कंदाला लावून आपल्याकडे पाठवलं. आपण बटाटा म्हणतो ते मुळात रताळ्याचं नाव.

अक्षरधन
हे मला मान्य नाही. 'वटक' म्हणजे गोळा. वटक, वटाटक, बटाटा.

मांडवीकाठ
वटाटक! हा कुठल्या कोशात आहे?

अक्षरधन
कोशात नसेल, पण तर्काला धरून आहे.

कॅम्प_पाच
आमच्याकडे उपवासाला अरवी चालते. तुमच्याकडे?

कोनाडा
आईकडे चालते, सासरी नाही.