जी कोड ॲपवर पाठ झालेत पण लेथच्या प्रोग्रामला अडकलो, काय करू?

चिंचोळी_टर्नर:
नमस्कार, मी विजापूर रोडच्या आयटीआयमधून टर्नर केलंय आणि आता चिंचोळी एमआयडीसीत सीएनसी लेथवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथवर, ऑपरेटर आहे, म्हणजे जॉब लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचं आणि मायक्रोमीटरने चेक करायचं बस एवढंच. मला सेटर व्हायचंय, म्हणजे मशीनला टूल आणि प्रोग्राम लावणारा. म्हणून मोबाईलवर जी कोड, म्हणजे मशीनला टूल कसं हलवायचं ते सांगणारे कोड, शिकायचं एक गेमवालं ॲप घेतलं, त्यात लेव्हल असतात, बरोबर उत्तराला कॉइन मिळतात, एक दिवस चुकला की स्ट्रीक तुटते. जाता येता बसमध्ये तेच करतो, ४० दिवसांची स्ट्रीक झालीय, जी ०० पासून एम ३० पर्यंत झोपेत पण सांगेन.

परवा एका ठिकाणी इंटरव्ह्यू होता. त्यांनी कागदावर लिहून दिलं, जी ९० एक्स २८. झेड -४०. एफ ०.२ आणि खालच्या ओळींत नुसतं एक्स २६. मग एक्स २४. आणि विचारलं टूल कसं फिरेल. मी म्हणालो जी ९० म्हणजे ॲब्सोल्यूट, ॲपमध्ये तसंच आहे. ते म्हणाले अजून अभ्यास करा. लई वाईट वाटलं. ॲप चुकीचं आहे का? सोडून देऊ का? सांगा की ओ कुणीतरी.

अक्कलकोट_रोड_सेटर:
भावा ॲप चुकलं नाही, ते मिलिंगचं शिकवतंय. व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या मिलिंग मशीनवर, जी ९० ॲब्सोल्यूट (माप ठरलेल्या शून्यापासून) आणि जी ९१ इन्क्रिमेंटल (माप टूलच्या आत्ताच्या जागेपासून) बरोबरच आहे. पण आपल्याकडं फानूक कंट्रोलच्या लेथ बहुतेक जी कोडच्या ए सिस्टीमवर असतात, तिथं जी ९० ही टर्निंग सायकल, आणि ॲब्सोल्यूटला एक्स झेड, इन्क्रिमेंटलला यू डब्ल्यू लिहितात. तुझ्या त्या ओळीत टूल रॅपिडने (न कापता, वेगात) २८ डायाला, म्हणजे व्यासाला, उतरतं, -४० पर्यंत कापत जातं, फेस करत वर येतं आणि सुरुवातीच्या पॉइंटला परत. पुढं नुसतं एक्स २६. लिहिलं की तीच फेरी परत, कारण सायकल मोडल आहे, दुसरा कोड येईपर्यंत चालूच राहते.

आणि त्या २८ च्या पुढचा टिंब बघितला का? बऱ्याच फानूकवर टिंब सोडला तर २८ मायक्रॉन धरतं, म्हणजे ०.०२८ मिमी. ॲपमध्ये टिंब राहिला तर कॉइन जातो, इथं टूल थेट जॉबमध्ये घुसतं आणि इन्सर्ट, होल्डर, कधी टरेटची (टूल धरणाऱ्या चक्राची) अलाइनमेंट पण जाते. म्हणून नवा प्रोग्राम सिंगल ब्लॉकमध्ये (एका वेळी एकच ओळ), रॅपिड ओव्हरराईड कमी करून, हात टूल थांबवणाऱ्या फीड होल्ड बटणावर ठेवूनच चालवायचा.

व्हीएमसी_वाली:
मी मिलिंगवर आहे, उलटा अनुभव सांगते. आमच्याकडं जी ९८ म्हणजे ड्रिलिंग सायकलनंतर इनिशियल लेव्हलला (सुरुवातीच्या उंचीला) परत आणि जी ९९ म्हणजे आर पॉइंटला (जॉबच्या जवळच्या उंचीला), पण लेथवर तेच कोड फीड मिनिटाला का फेऱ्याला हे ठरवतात. त्यामुळं नुसतं कोड आणि त्याचा अर्थ असं पाठांतर करून उपयोग नाही, कुठल्या मशीनवर हे पण सोबत लक्षात ठेवावं लागतं.

ॲप सोडू नका पण. मी अँकी या पाठांतराच्या ॲपमध्ये स्वतःची कार्डं केलीत, आमच्या कंट्रोलच्या मॅन्युअलमधून, आणि एका बाजूला एक कोड न लिहिता तीन चार ओळींचा प्रोग्राम लिहिते, दुसऱ्या बाजूला टूलपाथ हाताने काढते. जी ९६ चं (डाया बदलला तरी कटिंग स्पीड तोच ठेवणारा कोड) माझं कार्ड असं आहे, कटिंग स्पीड मिनिटाला २०० मीटर, डाया ५० ला आरपीएम किती आणि १० ला किती? साधारण १२७३ आणि ६३६६. हे एकदा स्वतः काढलं की फेसिंगच्या आधी जी ५० ने स्पीडला लिमिट का लावतात ते कुणी सांगावं लागत नाही.

चिंचोळी_टर्नर:
खूप आभार दोघांचे. आज सेकंड शिफ्टला आमच्या सेटर दादांना विचारून चालू जॉबचा प्रोग्राम वहीत उतरवून घेतला आणि रात्री घरी येऊन एकेक ओळीचा टूलपाथ काढला, दोन तास गेले पण टूल डोळ्यासमोर फिरताना दिसलं. एक ओळ अडली, जी ९२ एक्स १९.२ झेड -२०. एफ १.५. ॲपमध्ये जी ९२ म्हणजे कोऑर्डिनेट सेटिंग आहे, पण लेथवर हे थ्रेडिंगचं (आटे पाडायचं) असावं आणि एफ १.५ हा फीड नसून पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बरोबर का?

अक्कलकोट_रोड_सेटर:
एकदम बरोबर. सिंगल स्टार्ट आटे असतील तर पिच, मल्टी स्टार्ट असतील तर लीड, म्हणजे एका फेऱ्यात पुढं जाणारं अंतर, लिहायचा. आता खालच्या ओळीत एक्स किती कमी केलाय आणि प्रत्येक पासला कट कमी कमी का होत गेलाय ते बघ, उद्या इथं लिही.