विषय भरकटवू नका, मुलांच्या भाषेबद्दल बोलतेय

बी-४०२: नमस्कार. काल गच्चीवर गोष्ट सांगताना आजोबांना पुढचं आठवेना तर आमचा मुलगा म्हणाला आजोबा बफर होतायत. सगळे हसले, पण मला खरंच काळजी वाटली. कंटाळा आला की स्किप करा, लांबचं दिसलं नाही की झूम करा, आणि समोर तारेवर बसलेल्या पक्ष्याचं नाव एकालाही येत नाही

ए-१०२: बफर 😂😂

सी-२०३: उपाय सोपा आहे. रात्री ८ नंतर सगळ्यांनी वायफाय बंद.

ए-३०१: अगं भाषा बदलतेच. आपण मिस्ड कॉल दे म्हणायला लागलो तेव्हा कोणी ओरडलं का? आणि शब्द अगदी बरोबर जागी वापरलाय त्याने

बी-४०२: ताई, नवीन आले म्हणून नाही ओ, जुने जातायत म्हणून बोलतेय. ऑक्सफर्डच्या लहान मुलांच्या डिक्शनरीने २००७ मध्ये खंड्या, बगळा, नेचा यांचे इंग्रजी शब्द काढले आणि ब्लॉग, ब्रॉडबँड घातले. २०१५ मध्ये मार्गारेट ॲटवूडसकट २८ लेखकांनी विरोधाचं पत्र लिहिलं, मुलं बाहेर खेळेनाशी झालीत हीच त्यांची काळजी होती

डी-१०४: बाहेर म्हणजे कुठे? पार्किंगमध्ये बॉल दिसला की काही जण वरून ओरडतात. नाव घेत नाही

ए-१०२: घ्या की नाव! माझ्या गाडीचा आरसा फुटला तो कोणी भरून दिला?

सी-२०३: परत टाकतोय, कोणी वाचलेलं दिसत नाही. रात्री ८ नंतर वायफाय बंद.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला 🙏

बी-५०१ आजोबा: मला अजिबात राग आलेला नाही. बफर म्हणजे काय ते त्यानेच समजावलं, मग मी त्याला तारेवरचा कोतवाल दाखवला, तर संध्याकाळभर कोतवाल कोतवाल करत होता. पोरांना शब्द हवेच असतात, सांगायला माणूस पाहिजे. व्हिडिओ नुसता बोलत सुटतो, पोराने मधेच का म्हणून विचारलं तर त्याला ऐकू येत नाही

ए-३०१: हे पटलं आजोबा. डब्ल्यूएचओनेही २०१९ मध्ये सांगितलंय, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसात १ तासापेक्षा जास्त स्क्रीन नको

सी-२०३: मग वायफाय बंद करायला हरकत काय?

ए-३०१: काका माझं ऑफिसचं काम ८ नंतरच असतं, किती वेळा सांगू

सेक्रेटरी: ५ ते ७ मागची बाजू मुलांसाठी मोकळी ठेवू, गाड्या पुढे लावा

ए-१०२: पुढे जागा आहे का? आधी आरशाचं बोला

बी-४०२: दादा, तुम्ही माझ्या जागेवर लावा, मी माझी गाडी गेटबाहेर लावते. आरशाचे पैसेही देते. पण खेळू द्या त्यांना