कौतुक झाल्यापासून सेवेत मन स्वच्छ राहत नाही. थांबावं का?

मागच्या बाकावरची

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या मंडळीतल्या एक आजी तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. नजर गेली, कान मात्र तल्लख. दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाते. एखादं स्तोत्र, शुभवर्तमानातला एखादा अध्याय, मग प्रार्थना. अर्धा-पाऊण तास. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही, विषयच निघाला नाही. (नवऱ्याला माहीत होतं, कारण गुरुवारी त्याला स्वतःच्या हाताने वाढून घ्यावं लागतं.)

दोन महिन्यांपूर्वी पाळकसाहेबांनी उपदेशात माझं नाव घेतलं. गाजावाजा न करता सेवा कशी करावी, याचं उदाहरण म्हणून! सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मी मान खाली घातली, आणि खाली घातलेली मान लोकांना कशी दिसत असेल हा विचार त्याच क्षणी मनात आला.

तेव्हापासून काहीतरी बिघडलंय. वाचताना मला माझाच आवाज ऐकू येतो. आजींची सून शेजारच्या खोलीत असली की माझी प्रार्थना लांबते. घड्याळ लावून पाहिलेलं नाही, पण लांबते.

आता खरी गोष्ट सांगते, जी सांगायला लाज वाटते. मध्ये मला ताप होता, म्हणून दोन गुरुवार मंडळीतली दुसरी एक बहीण गेली. बरी होऊन मी गेले तर आजी म्हणाल्या, "ती किती सावकाश वाचते गं. शब्द न् शब्द कळतो." पोटात कळ यावी तसं झालं. त्या दिवशी मी ५१ वं स्तोत्र वाचलं. "हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर." आणि ही ओळ मी तिच्यापेक्षा सावकाश, तिच्यापेक्षा चांगली वाचायचा प्रयत्न करत होते. शुद्ध हृदय मागण्यातही चढाओढ. घरी येताना माझं मलाच हसू आलं, मग रडू.

प्रभू म्हणतो, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. माझं तर अख्ख्या मंडळीला कळलंय. जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, हे मी आजींना कितीदा वाचून दाखवलंय. मी जाणं थांबवावं का? मन ताळ्यावर येईपर्यंत तरी? आणि गेल्या दोन महिन्यांतलं माझं जाणं देवाच्या लेखी काही होतं की वायाच गेलं?

सरळ रेघ

थांबा. काही आठवडे तरी. त्या दुसऱ्या बहिणीला जाऊ द्या.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातल्या हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोचा दोष पैसे कमी दिले हा नव्हता. प्रेषित पेत्र स्पष्ट म्हणतो की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर आलेले पैसेही तुझ्याच हाती होते. त्यांनी एक भाग दिला आणि सगळं दिल्याचा आव आणला, दोष तो. आतून एक आणि बाहेरून एक अशी सेवा करत राहण्यापेक्षा न केलेली बरी. कडक वाटेल, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

जुना उपदेशक

ताई, आधी एक कबुली. मी निवृत्त पाळक आहे, आणि व्यासपीठावरून अशी नावं मीही घेतली आहेत. लोकांना उत्तेजन मिळावं हा हेतू. पण ज्याचं नाव घेतलं त्याच्या पदरात आपण काय टाकतो, याचा विचार मी फार उशिरा केला. तुमच्या पाळकांवर रागावू नका; एवढंच सांगा की पुन्हा घेऊ नका.

वरच्या बंधूंशी मी सहमत नाही. हनन्याने लपवलं. तुम्ही इथे परक्यांसमोर सगळं उघडं करून ठेवलंय. दोन्ही एका तागडीत कसं घालायचं?

मत्तयाच्या शुभवर्तमानात, ६ व्या अध्यायात, दानधर्म, प्रार्थना आणि उपास, तिन्ही ठिकाणी प्रभू दिखाऊ लोकांबद्दल एकच वाक्य म्हणतो: ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत. "भरून पावले" हे शब्द आपण वाचतो आणि पुढे जातो. जुन्या पावतीवर "रक्कम भरून पावलो" असं लिहून देत ना, तेच हे. मूळ ग्रीक क्रियापदही त्या काळच्या पावत्यांवर सापडतं. म्हणजे लोकांची वाहवा हवी होती, ती मिळाली, हिशेब मिटला, आता देवाकडे येणं काही उरलं नाही. यात शिव्याशाप नाहीत, फक्त चोख व्यवहार आहे. मला तरी तो शापापेक्षा जास्त टोचतो.

पण त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एक पान अलीकडे, तोच प्रभू म्हणतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची सत्कर्मे पाहावीत. मग पाहावं की पाहू नये? ६:१ नीट वाचा, लोकांनी पाहावे या हेतूने करू नका असं आहे. दिसण्याला बंदी नाही. तुमचं जाणं लोकांना कळलं हा तुमचा अपराध नव्हे. कळल्यानंतर मनात जे सुरू झालं, त्याच्याशी आता गाठ आहे.

"अंतःकरणाचे शुद्ध" यातल्या शुद्ध या शब्दासाठी ग्रीकमध्ये "काथारोस" आहे. येशूचं शरीर ज्या स्वच्छ तागाच्या वस्त्रात गुंडाळलं, त्या वस्त्रालाही मत्तय हाच शब्द वापरतो. आणि योहानाच्या १५ व्या अध्यायात, द्राक्षवेलाच्या दाखल्यात, पिता फळ देणाऱ्या फाट्याला साफसूफ करतो, तिथेही याच शब्दाचं क्रियापद आहे. दोन गोष्टी बघा. साफसूफ होते ती फळ देणाऱ्या फाट्याची. आणि फाटा स्वतःची छाटणी स्वतः करत नाही. मी आधी मन स्वच्छ करते, मग फळ देते, असं तुम्ही म्हणताय. वेलीवर राहूनच ते होतं. उतरून बाजूला बसलेला फाटा नुसता वाळतो.

दोन महिने वाया गेले का, याचं उत्तर प्रेषित पौलाकडे मागा. तो कैदेत होता आणि काही जण हेव्याने, त्याला आणखी त्रास व्हावा म्हणून ख्रिस्ताची घोषणा करत होते. याहून घाणेरडा हेतू कुठला? तरी फिलिप्पैकरांस तो लिहितो की निमित्ताने असो वा खरेपणाने, ख्रिस्ताची घोषणा होते आणि यात मला आनंद आहे. हेतू चांगला होता असं तो म्हणत नाही. वचन मात्र ऐकणाऱ्यांच्या कानी पडलं. आजींच्याही पडलं.

शेवटचं. स्वतःच्या मनाची सतत झडती घेणं हाही एक आजार होऊ शकतो. "माझी झडती घे" असं १३९ वं स्तोत्र देवाला म्हणतं. ते काम आपण आपल्याकडे घेतलं की नजर पुन्हा स्वतःवरच.

मोगऱ्याची वेल

छान लिहिलंय पाळककाका. यावरून आठवलं, इंग्रजी "सिन्सिअर" हा शब्द लॅटिन "सिने सेरा" म्हणजे "मेणाशिवाय" यावरून आला म्हणतात. मूर्तिकार तडे मेणाने बुजवायचे, आणि अस्सल मूर्ती ती बिनमेणाची. ताई, तुम्ही तुमच्या तड्यांत मेण भरलं नाहीत, हेच मला भावलं.

पोथीतला किडा

मेणाची गोष्ट उपदेशांत फार फिरते, पण भाषाशास्त्राचे अभ्यासक ती मानत नाहीत. लॅटिन "सिन्सेरुस"चा अर्थच निर्भेळ, स्वच्छ असा आहे. मूर्तिकार मागाहून चिकटवले. पौलाचा दृष्टांत हवा असेल तर २ करिंथ २:१७ पाहा. तिथे निर्मळपणाच्या विरुद्ध बाजूला वचनाची भेसळ करणारे, बाजार मांडणारे लोक आहेत. तो ग्रीक शब्द किरकोळ विक्रेत्यांचा, खास करून दारू विकणाऱ्यांचा, आणि त्यांची ख्याती पाणी मिसळण्याबद्दल होती. मेणापेक्षा हे ताईंच्या प्रश्नाला जवळचं आहे. द्राक्षारस खराच असतो, फक्त त्यात पाणी पडलेलं असतं.

आता आलोच आहे तर थोडं वाळवंटाबद्दल. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी या विषयावर जितकं डोकं चालवलं तितकं क्वचितच कुणी चालवलं असेल. त्यांच्यातल्या एवाग्रियसने मनाला ग्रासणारे आठ विचार सांगितले, त्यातला एक पोकळ मोठेपणाचा. खादाडपणा, राग वगैरे शत्रू हरवले की दुबळे होतात. हा मात्र तुमच्या विजयावरच पोसला जातो. योहान कासियन त्या लोकांत राहून आला आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने हे सगळं लिहून काढलं. तो सांगतो की वडीलधारे संन्यासी या रोगाला कांद्याची उपमा देत. एक पापुद्रा काढावा, खाली दुसरा तयार. चांगले कपडे घालून मिरवता येतं, तसं फाटके घालूनही. बोलून मिरवता येतं, गप्प बसूनही.

कासियनची आणखी एक गोष्ट मला जास्त आवडते. मोठमोठी संपत्ती सोडून आलेले लोक एखाद्या चाकूवरून, सुईवरून, बोरूवरून भडकायचे. काही जण एखादी पोथी अशी कवटाळून बसायचे की दुसऱ्याला वाचू देणं तर सोडाच, हातही लावू द्यायचे नाहीत. (माझ्या टोपणनावाकडे पाहून हसू नका. माझ्या कपाटाला कुलूप आहे.) सगळं सोडलं आणि पोथी धरली. ताई, तुमचा गुरुवार ही ती पोथी तर नाही ना?

अंतःकरणाची शुद्धता म्हणजे काय, हे सांगताना कासियन थेट १ करिंथ १३ कडे जातो: हेवा करत नाही, बढाई मारत नाही. म्हणजे शुद्ध मन हे झाडून-पुसून ठेवलेलं रिकामं घर नव्हे. त्याच्या लेखी शुद्धता म्हणजे प्रीतीच. म्हणून पाळकांनी कौतुक केलं त्या रविवारपेक्षा, "ती किती सावकाश वाचते" हे ऐकलं तो गुरुवार मला महत्त्वाचा वाटतो.

खाटेवरून

मी सहसा लिहीत नाही. अपघातानंतर अकरा महिने पाठीवर पडून होतो, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

माझ्याकडे पुष्कळ जण यायचे. कोण कशासाठी येतो ते पडल्या पडल्या बरोबर कळतं. एकजण फक्त त्याच्या आजारपणाची गोष्ट सांगायला यायचा. एकीची प्रार्थना ऐकताना वाटायचं, ही माझ्या डोक्यावरून भिंतीला ऐकवतेय. चालायचं. माणूस आलं की खोलीतली हवा बदलते.

एक तरुण दर मंगळवारी यायचा, आणि मग अचानक बंद झाला. पुष्कळ दिवसांनी कळलं की त्याला आपला हेतू शुद्ध वाटेना, म्हणून त्याने काही काळ "मागे सरायचं" ठरवलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला दर मंगळवारी फाटक वाजण्याकडे कान लावून. माझ्याकडून काय चुकलं, याची उजळणी करत.

सरळ रेघ, तुमचा सल्ला ज्याने कुणी त्याला दिला असेल, त्याने खाटेवरच्या माणसाला विचारलं नव्हतं. ताई, तुमचं मन धुवायला टाकलंय म्हणून आजींचा गुरुवार रिकामा ठेवू नका.

सरळ रेघ

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आजींच्या बाजूने मी पाहिलंच नाही. "थांबा" हा शब्द मागे घेतो. ढोंगाबद्दलचं मत कायम आहे.

मागच्या बाकावरची

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. सगळ्यांचे आभार, खाटेवरून यांचे जास्त. ते वाचलं त्याच गुरुवारी गेले.

पोथीतला किडा, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. मग त्या बहिणीला फोन केला. नंबर लावून पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. आता एक गुरुवार तिचा, एक माझा. मागच्या खेपेला मी तिच्याबरोबर गेले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकलं. खरंच सावकाश वाचते. पहिलं स्तोत्र होईपर्यंत माझं लक्ष तिच्या उच्चारांतल्या चुका शोधण्यात होतं. एक सापडली, तेव्हा बरंही वाटलं. दुसऱ्या स्तोत्रात कधीतरी मी शोधायची विसरले. विसरले हेही घरी पोचल्यावर लक्षात आलं.

सुनेचं म्हणाल तर, माझ्या गुरुवारी खोलीचं दार लोटून घेतलं. प्रभूनेच सांगितलंय ना, दार लावून प्रार्थना कर. आजी म्हणाल्या, "दार कशाला लावलंस? जीव घुसमटतो." उघडलं. प्रार्थना चार वाक्यांत संपवली, तर त्या म्हणाल्या, आज घाईत आहेस का.

पाळकसाहेबांना भेटून सांगितलं की माझं नाव पुन्हा घेऊ नका. ते म्हणाले, "किती नम्र आहात ताई." आणि ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. कांदा कुठे संपतो, ते कासियनने लिहिलंय का?

उद्या तिचा गुरुवार. आजींना नहेम्याचं पुस्तक ऐकायचंय आणि त्या ७ व्या अध्यायापर्यंत आल्या आहेत. तो जवळजवळ सगळा नावांच्या यादीचा. मी मुद्दाम तिच्यासाठी ठेवलेला नाही, क्रमानेच आला. खरंच क्रमाने आला.