फोटो 'लहान करा' म्हणजे नक्की काय करा?

रानजाई: रानफुलांच्या नोंदींसाठी सूचनापत्रक मराठीत करतेय. 'रिसाईझ करा, क्रॉप करू नका' हे कसं लिहावं? गेल्या पावसाळ्यात 'फोटोचा आकार कमी करा' असं छापलं होतं, तर लोकांनी कडा कापूनच पाठवल्या. पानाची किनार दातेरी की सरळ, तेच दिसेना. झाड ओळखायचं कशावरून?

पंतोजी: आकार म्हणजे गोल, चौकोनी वगैरे. तुम्हाला 'आकारमान' हवंय.

खडीसाखर: शाळेच्या विज्ञानात आकारमान म्हणजे व्हॉल्यूम. फोटो काय मोजपात्रात बुडवायचाय? आणि वीजबिलात 'स्थिर आकार' असतो, तो ना गोल ना चौकोनी. :)

झेरॉक्सवाला: दुकानात गिऱ्हाईक 'बारीक करून द्या' म्हणायचं. ए३चं ए४ करायचं तर ७१ टक्के. काही कापलं जात नाही, सगळा मजकूर कागदावर येतो. हाच शब्द घ्या. (परीक्षेच्या दिवसांत पोरं मायक्रो झेरॉक्स मागायची, तो विषय वेगळा.)

खडीसाखर: नको, बारीक म्हटलं की लोक बाजूंनी दाबून चेहरे लांबुडके करतील.

पिक्सेलपुराण: आधी कामं वेगळी करा. ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्यांचा, फोटो १६०० बाय १२०० केला की १ कोटी २० लाख ठिपक्यांचे १९ लाख २० हजार उरतात. हे एक. ठिपके तेवढेच ठेवून जेपेगची क्वालिटी उतरवली तरी एमबी घटतात. हे दुसरं. तुम्ही दोन्हीला 'लहान' म्हणता, घोटाळा तिथेच आहे. 'निम्मा करा' तर लिहूच नका. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली की ठिपके पावच उरतात.

खडीसाखर: दुसऱ्याला आमच्याकडे 'हलका कर' म्हणतात. 'फोटो जड आहे, जात नाहीये.'

पंतोजी: संपीडन! आणि क्रॉपला कर्तन.

खडीसाखर: म्हणजे फोटोचं केशकर्तनालय.

रानजाई: 'फोटो न कापता लांब बाजू १६०० पिक्सेल करा' असं लिहिलं तर? शब्दाची गरजच पडत नाही.

पंतोजी: ही पळवाट झाली. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करणाऱ्यांनी फारसी शब्दांना पर्याय दिले, पळवाटा काढल्या नाहीत.

झेरॉक्सवाला: आणि तरी कागद, शाई, दुकान आजही तिकडचेच. माझा धंदा त्यांच्यावरच चालला.

पिक्सेलपुराण: क्रॉपला 'कातरणं' आहे की. पेपरातलं कात्रण त्यातूनच आलं.

पंतोजी: कात्रण म्हणजे कापून जपून ठेवलेलं. चालेल.

खडीसाखर: जपून? आमच्या शिंप्याकडे कात्रणं म्हणजे कापून उरलेले तुकडे. उशीत भरायचे.

पंतोजी: त्या चिंध्या.

खडीसाखर: चिंध्या जुन्या कपड्याच्या. नव्या कापडाची कात्रणंच.