पिसवाल्या डायनासोरपायी करिअर? भाच्याला काय सांगू?

कातळावरचा (रत्नागिरी): बारावीनंतर भाच्याला पुराजीवशास्त्र, म्हणजे जीवाश्मांचा अभ्यास, करायचंय, घरात शिमगा चाललाय. माझं मत, करू द्या. पुराजीवशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉमला १९६४ मध्ये अमेरिकेतल्या मोंटानात डायनोनिकस हा डायनासोर सापडला. चपळ प्राणी, पायाला कोयत्यासारखी नखी. पुढे १९७० मध्ये नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या संग्रहालयात टेरोसॉर (उडणारा सरपटणारा प्राणी) म्हणून नोंदलेला एक नमुना त्याने हातात घेतला आणि ओळखलं, हा तर आर्किऑप्टेरिक्स, पिसं असलेला आद्य पक्षी! पक्षी डायनासोरांतूनच आले, हे अडगळीत पडलेलं मत त्याच्यामुळे पुन्हा उभं राहिलं.

माडाखाली: ऑस्ट्रॉम अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्राध्यापक होता, पगार चालू होता. आपल्याकडे खाली काळा कातळ, वर जांभा. लाव्ह्यात पीस टिकतं का? आणि तुमचा तो नमुना २०१७ मध्ये आर्किऑप्टेरिक्समधून काढून टाकलाय, ते सांगायचं राहिलं वाटतं.

कातळावरचा: काढून नाव काय दिलं तेही लिहा की. ऑस्ट्रोमिया! टेरोसॉर नव्हता, हे त्याचं म्हणणं तसंच आहे.

खाडीपलीकडे: पक्षी डायनासोरांतून आले, याचीच मला मुळात शंका आहे. ॲलन फेडुशिया हा मोठा पक्षितज्ज्ञ वर्षानुवर्षं विरोधात राहिला. चीनमधल्या डायनासोर जीवाश्मांवर जे तंतू दिसतात ती पिसं नव्हेतच, कुजलेल्या कातडीतले कोलॅजन या प्रथिनाचे धागे, असं त्या गटाचं म्हणणं.

सड्यावरची: ते मागे पडलं. २०१० मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स या चिनी डायनासोरच्या तंतूंत मेलॅनोसोम, म्हणजे रंगद्रव्याचे कण, दिसले. शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे! कोलॅजनला रंगाचे कण कशाला असतील? २०१२ मध्ये जाहीर झालेला यूटिरॅनस डायनासोर तर टनभराहून जड, तरी अंगावर तंतू.

रापणवालो: म्हंजे काल कोंबडी-वडे खाल्लंय ते डायनासोरच? आवशीक सांगलंय तर लाकूड घेवन मागे लागतली.

माडाखाली: हसा. पण ते जीवाश्म जिथे मिळाले त्या चीनच्या लियाओनिंगला तळ्याचा बारीक गाळ आणि ज्वालामुखीची राख होती, म्हणून पिसांचे ठसे उरले. पोरगा इथे काय खणणार?

सड्यावरची: इथेच खणायला कोण सांगतंय? चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं मिळतात. ऑस्ट्रॉमचा तो नमुना तर कपाटात होता. भूविज्ञानात एमएस्सी केली की जीएसआयची (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) परीक्षा आहेच, पोटाची सोय होईल.

माडाखाली: जीएसआयमध्ये खनिजांचे नकाशे काढायला लावतील हो, पिसं नाही. त्यापेक्षा कलमांची बाग बरी.